भुतांसाठी वाण

नीलांबरी खांबेटेच्या दाराची बेल त्या ऑक्टोबरात पहिल्यांदा वाजली, आणि तीसुद्धा यापुढे वाजणार नाही हे सांगायला.

वाजवणारी मार्लेन शेजारच्याच घरातली. दोन्ही घरांची एक भिंत सामाईक, त्यामुळे तिच्याकडे नळ सोडला तरी नीलांबरीला ऐकू यायचं. पण बेल दाबून मार्लेन परत फाटकापाशी जाऊन उभी राहिली. दीड मीटर अंतराचा सरकारी नियम सप्टेंबरातच उठला होता. लोकांच्या पायांतून तो अजून गेला नव्हता. तिच्या काखेत एक भलामोठा केशरी भोपळा होता.

"रविवारी हॅलोवीन आहे," मार्लेन म्हणाली. "गल्लीतल्या मुलांना मी सांगून ठेवलंय, यंदा नीलाच्या दारी जायचं नाही. तू निवांत बस."

"आणि हा भोपळा?"

"माझा भाऊ दरवर्षी शेतावरचा एक श्रीधरसाठी बाजूला ठेवतो. यंदाही ठेवला. त्याला सांगायचं राहूनच गेलं माझं." मार्लेनने भोपळा हलकेच पायरीवर ठेवला. "नको असेल तर सूप कर."

नीलांबरीने भोपळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "येऊ देत मुलांना."

"नक्की?"

"नक्की. पण मी गोड देणार नाही."

"मग काय देणार?"

"बघते."

मार्लेनने मान डोलावली. डच माणसं एकदा विचारतात, दुसऱ्यांदा खात्री करून घेतात आणि तिसऱ्यांदा तुमच्या आयुष्यात डोकावत नाहीत. जाता जाता तिने एवढंच सांगितलं, की गल्लीच्या ग्रुपवर ठरलंय, ज्या दाराशी पेटलेला, आत दिवा ठेवलेला भोपळा असेल तिथलीच बेल वाजवायची. काही लोक अजून घाबरतात, त्यांना उगाच त्रास नको.

सगळेच हल्ली त्रासाचा विचार करत होते. एप्रिलमध्ये तिचा नवरा श्रीधर गेला. आइंडहोवनच्या हॉस्पिटलात तीन आठवडे काढले त्याने. शेवटी नीलांबरीला भेटू दिलं, तेव्हा अंगभर प्लास्टिकचा झगा चढवून. पुण्याच्या नातेवाइकांनी अंत्यविधी मोबाइलवर पाहिला. त्यानंतर महिनाभर पायरीवर फुलं यायची, सुपाचे डबे यायचे. डबा ठेवणारा बेल दाबून गाडीपर्यंत मागे जायचा आणि तिथून हात हलवायचा. पुढे डबेही थांबले. श्रावणात कीर्तीकडे मंगळागौर झाली. कीर्ती म्हणजे इथल्या मराठी बायकांमधली सगळ्यांत जुनी मैत्रीण, दोघींच्या मुली एका वर्गात होत्या. तिचा फोन आला नाही. नंतर सुपरमार्केटमध्ये मेथीच्या जुडीपाशी भेटली तेव्हा म्हणाली, "तुला उगाच त्रास होईल म्हणून नाही गं बोलावलं."

"बरं केलंस," नीलांबरी म्हणाली. घरी येईपर्यंत मात्र सायकलवर तिच्या मनात एकच होतं, त्रास द्यायला तरी कुणी यावं.

आइंडहोवनजवळच्या फेल्डहोवनला ती नवऱ्यामागून आली तेव्हा मुलगी गुंजन पहिलीत होती. श्रीधर चिपची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. सकाळी सायकलने जायचा, संध्याकाळी यायचा, आणि मधल्या वेळात नीलांबरी खिडकीतून पाऊस बघायची. पुण्यात तिने बालवाडी चालवली होती. इथे भाषा शिकून झाल्यावर गल्लीच्या टोकाच्या शाळेत तिला दुपारच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायचं काम मिळालं. पावावर लोणी आणि वर चॉकलेटचे दाणे पसरून त्याला जेवण म्हणणारी मुलं बघून पहिले काही दिवस तिला भडभडून यायचं. मग ती त्यांना काकडीच्या चकत्या वाटायला लागली. मुलांनी त्या खाल्ल्याही. "नीला, आज काकडी नाही?" असं विचारायची. कोविडमध्ये बाहेरच्या माणसांना शाळेत यायची बंदी झाली, आणि बंदी उठली तोवर शाळेने दुपारची व्यवस्था शिक्षकांवरच सोपवली होती.

हॅलोवीन मात्र श्रीधरचा. त्याचं पोट मोठं, आवाज मोठा, आणि त्याला मधुमेह होता. संध्याकाळपासून दारात स्टूल टाकून बसायचा, डोक्यावर नीलांबरीची काळी ओढणी घेऊन. मुलांना मूठभर गोळ्या द्यायचा, पण त्या आधी हात पुढे करायचा. "जकात," असं खास मराठीत म्हणायचा. मुलाने आपल्या पिशवीतलं एक 'द्रोप' त्याच्या तळहातावर ठेवायचं, मगच पुढचा व्यवहार. द्रोप म्हणजे काळं, चिवट, ज्येष्ठमधाचं इथलं गोळीवजा प्रकरण. डच माणूस ते सुपारीसारखं दिवसभर चघळतो. गल्लीतल्या मुलांना हा 'जकात' शब्द पाठ झाला होता. दुसऱ्या दिवशी कपडे धुवायला टाकताना नीलांबरी त्याच्या पॅन्टच्या खिशातून कागद काढायची आणि मग दोघांचं जुंपायचं. ते भांडण वर्षातून पन्नास वेळा व्हायचं. हॅलोवीन हे फक्त निमित्त.

डॉक्टरांनी शेवटी जी कारणं सांगितली त्यात साखरही होती. अंत्यविधीहून परतल्यावर नीलांबरीने साखरेचा डबा रिकामा केला. पुन्हा भरला नाही.

शनिवारी गुंजन आली. ती वाखनिंगनला अन्नविज्ञान शिकत होती. आली की आधी फ्रिज उघडायची आणि मग आईच्या चेहऱ्याकडे बघायची.

"Wait, तू खरंच non-candy देणारेस? Okay. Mandarin संत्री दे. वर मार्करने डोळे काढायचे, छोटा भोपळा वाटतो. सगळे तेच करतात."

"सगळे करतात ते कशाला?"

"मग मनुकांचे छोटे बॉक्स?"

"मनुका म्हणजे साखरच. वाळवलेली."

"आई, माझ्या प्रोफेसरबाई पण इतक्या strict नाहीत." गुंजन चहाचा घोट घेऊन थांबली, कप खाली ठेवला. "बाबा साखरेने नाही गेला. कोविडने गेला."

"साखरेनं दार उघडून ठेवलं होतं," नीलांबरी म्हणाली. "माझ्या हातून कुणाच्या पोराच्या हातावर साखर पडणार नाही. तू मला दुसरं काहीतरी सांग, नाहीतर मी बघते माझं."

आणि ती जिन्याखालच्या कपाटाकडे गेली.

प्रत्येक मराठी घरात एक जागा असते जिथे संक्रांतीचं वाण साठतं. हळदीकुंकवाला आलेल्या बाईला काहीतरी वस्तू लुटायची. ती बाई ती घरी नेते, ठेवून देते आणि संधी मिळाली की पुढच्या कुणाला देते. एकच साबणाची डबी चार वर्षांनी आपल्याकडे परत आल्याचं नीलांबरीने पाहिलं होतं. झाकणावरच्या चऱ्यावरून ओळखली. तिच्या कपाटात चहाच्या गाळण्या होत्या, साबणाच्या डब्या, लिंबू पिळण्या, केसांचे चाप, कापडी बटवे, पापड भाजायचे लहान चिमटे, आणि अगदी तळाशी एक खोकं, चिकटपट्टी न काढलेलं.

त्यात रव्या होत्या. वीतभर लांबीच्या, लाकडी, दांड्यावर लाल-हिरवे पट्टे रंगवलेल्या. भाऊ शैलेंद्र साथ सुरू व्हायच्या जरा आधी इकडे येऊन गेला तेव्हा तिने त्याला त्या आणायला लावल्या होत्या. "ताई, अख्खी बॅग ताकाच्या सामानाने भरली माझी," म्हणून तो कुरकुरला होता. पुढच्या संक्रांतीला लुटायच्या होत्या. त्या संक्रांतीला लॉकडाऊन होता. आणि आता पुढे कुठली संक्रांत? खोकं तसंच राहिलं होतं.

गुंजनने कपाटात डोकं घालून पाहिलं. "तू गाळणी देणारेस. Halloween ला."

"का? चांगली आहे. स्टीलची आहे."

"आई, कवटीचा मुखवटा घातलेला मुलगा तुझ्या दारात येणार आणि तू त्याला चहाची गाळणी देणार. तो परत येऊन खिडकीवर अंडी फोडेल."

"फोडू दे. येईल तरी परत."

गुंजन हसणार होती, पण आईचा चेहरा तसा नव्हता. तिने खोक्याची चिकटपट्टी ओढली.

खरी अडचण भोपळ्याची निघाली. तो ओट्यावर अख्खा बसला होता आणि रविवारी दुपारपर्यंत त्याला कुणी हात लावला नव्हता. भोपळ्याला पहिला घाव बाईने घालायचा नाही, हे नीलांबरी आईच्या घरी शिकली, सासूच्या घरी पाळलं. भोपळा म्हणजे घरातला मोठा मुलगा. पुरुषाने एकदा सुरी लावून दिली की पुढे बाईने हवं ते करावं. घारगे करावेत, भाजी करावी. इथे सुपरमार्केटमध्ये फोडीच मिळत, त्यामुळे प्रश्न यायचा तो वर्षातून एकदा. श्रीधर खांद्यावरची ऑफिसची बॅगही न काढता सुरी खुपसायचा आणि म्हणायचा, "घे, झाला तुझा धर्म."

"दे, मी कापते," गुंजन म्हणाली.

"तू नको."

"का? मोठ्या मुलासाठी असतं ना ते? तुला मोठा मुलगा आहेच कुठे? मोठी पण मीच आणि धाकटी पण मीच."

"म्हणूनच नको."

"मग शैलेंद्रमामाला व्हिडिओ कॉल लावू? तो स्क्रीनवर सुरी धरेल. गेल्या वर्षी गुरुजींनी पण झूमवरच सत्यनारायण सांगितला."

नीलांबरीला हसू आलं, ते तिने पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

"बरं, मार्लेनच्या नवऱ्याला सांगते. दोन मिनिटांचं काम."

"काय सांगशील? आमच्याकडे पुरुष नाही, जरा येऊन जा?"

नीलांबरीने भोपळा उचलला, पुसला, त्याला हळदीचं एक बोट लावलं. कुंकवाकडे गेलेला हात मधेच थांबला. मग तिने तेही लावलं. भोपळा अख्खाच पायरीवर ठेवून शेजारी तिने दिवाळीतली एक पणती पेटवली. दिवाळी त्याच आठवड्यात होती. पेटलेला दिवा आणि भोपळा, दोन्ही झालं, असं तिचं म्हणणं. दिवा आत असला काय आणि शेजारी असला काय.

त्याच दिवशी घड्याळं एक तास मागे गेली होती, त्यामुळे चहाच्या वेळेलाच अंधार पडायला लागला. नीलांबरीने बाहेर जायची साडी नेसली, चांगली निळी. वाणाची परडी दाराआतल्या स्टुलावर ठेवली, शेजारी खुर्ची घेतली आणि ती बसली.

गल्लीत पोरांचे आवाज सुरू झाले. समोरच्या घराची बेल वाजली, मग त्याच्या बाजूची. मार्लेनची बेल वाजली तेव्हा सामाईक भिंतीमुळे ती जणू आपलीच वाजली असं वाटून नीलांबरी अर्धवट उठलीही. भिंतीपलीकडे हसणं झालं, कागदांची सळसळ झाली, दार लागलं. आता आपली पाळी. पावलं फाटकापर्यंत आली आणि पुढे गेली.

"आई," गुंजन खिडकीतून म्हणाली, "पणती विझलीये. वारा आहे."

नीलांबरीने दार उघडून पणती लावली. परत येऊन बसेपर्यंत ती विझली. पुन्हा लावली, भोपळ्याच्या आडोशाला सरकवली. वारा तिथेही वळून आला.

"फोनचा टॉर्च लावून ठेवू?"

"नको."

मग फाटकाशी आणखी एक घोळका थांबला. दार किंचित उघडंच होतं. मुलांचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं.

"इथे भोपळा आहे की."

"पण पेटलेला नाहीये. आणि आई म्हणालीय, भोपळा पेटलेला नसेल तर इथे नाही जायचं. त्या बाईचा नवरा वारलाय."

"द्रोप मागणारा?"

"हो. चल."

आवाज नीलांबरीच्या ओळखीचा होता. मार्लेनची धाकटी, फेना. शाळेत काकडीच्या चकत्या ओळीने मांडून, मोठीपासून लहानीकडे खात जाणारी.

नीलांबरी उठली. बाहेर जाऊन तिने भोपळा दोन्ही हातांनी उचलला आणि स्वयंपाकघरात आणून ओट्यावर ठेवला. धापा टाकत म्हणाली, "सुरी दे."

गुंजनने दिली.

"ही नाही. मोठी."

गुंजनने मोठी काढून दिली. काही तरी विनोद तिच्या ओठांवर होता, तो तिने आत ठेवला. नीलांबरीने निऱ्या कमरेला खोचल्या, सुरीचं टोक देठाजवळ टेकवलं आणि क्षणभर डोळे मिटले. बहुधा सासूची माफी मागितली असेल, बहुधा श्रीधरला चार शब्द सुनावले असतील. मग तिने सगळा भार सुरीवर टाकला.

सुरी अर्धी आत जाऊन रुतून बसली. पुढे जाईना, मागे येईना.

"बाबाची पण अडकायची," गुंजन म्हणाली.

"हसतेस काय? धर इकडून."

दोघींनी मिळून मूठ धरली, गुंजनने वरून लाटण्याने एक ठोका घातला, आणि भोपळा कच्च्या, ओल्या वासासह फाटला. बिया, तंतू सगळे ओट्यावर आले. कोरीवकामाला वेळ नव्हता. एक डोळा गोल झाला, दुसरा चौकोनी, तोंड एका बाजूला ओघळलेलं. हळदकुंकू नेमकं नाकाच्या जागी आलं. पणती आत ठेवली तर वाऱ्याचा मागमूस नाही. ज्योत सरळ उभी राहिली आणि पायरीवर ते वाकडं तोंड पिवळंधमक उजळलं.

"भयानक दिसतोय," गुंजन म्हणाली. "Perfect."

दोघी दाराच्या आत उभ्या राहिल्या. नीलांबरीच्या हाताला भोपळ्याचे तंतू चिकटले होते आणि ते पुसायचंही तिच्या लक्षात नव्हतं. बराच वेळ काही झालं नाही. मग फाटक करकरलं.

बेल वाजली.

एक सांगाडा, एक समुद्री चाचा आणि मागे, दाराकडे न बघता बुटांकडे बघणारी चेटकीण. चेटकीण म्हणजे फेना. सांगाड्याने पिशवी पुढे केली. नीलांबरीने परडीतली पहिली हाताला लागली ती वस्तू पिशवीत टाकली. सांगाड्याने आत डोकावून पाहिलं.

"हे काय आहे?"

"साबणाची डबी."

"अच्छा," सांगाडा म्हणाला. चांगल्या घरचा होता. "धन्यवाद."

गुंजनने मागच्या मागे कपाळाला हात लावल्याचं नीलांबरीला कळलं. चाच्याला तिने गाळणी दिली. त्याने ती उलटीसुलटी केली, मग सहज डोळ्याला लावली, आणि जाळीतून फेनाकडे बघत गुरगुरला. गाळणीची दांडी कानामागे अगदी बरोबर बसली. सांगाड्याने ताबडतोब आपली डबी परत पुढे केली. "मला पण ते मिळेल?"

"वाण बदलून मिळत नाही," नीलांबरी मराठीत म्हणाली, आणि त्याला गाळणीही दिली.

फेना अजून मागेच होती. "आईनं आधी सांगितलं होतं इथे यायचं नाही," ती बुटांना म्हणाली.

"तुझी आई चांगली आहे. पण तू ये." नीलांबरीने खोक्यातली एक रवी काढली. "हात असे कर." तिने रवीचा दांडा स्वतःच्या दोन तळव्यांमध्ये धरला आणि घुसळला. खालचं लाकडी फूल गरगरलं, लाल-हिरवे पट्टे एकमेकांत मिसळले. "आता तू."

फेनाने घुसळली. पुन्हा घुसळली. मग थांबून, रवी उंच धरून, तिने सांगाड्याकडे रोखली. "तू बेडूक झालास," ती गंभीरपणे म्हणाली.

सांगाडा बेडूक होऊन पायरी उतरला.

त्यानंतर काय झालं ते गल्लीत बराच काळ सांगितलं जात होतं. जादूची काठी मिळते ही बातमी पलीकडच्या गल्लीत गेली. भुतं आली, वटवाघळं आली, टॉयलेट पेपर गुंडाळलेली एक ममी आली. रव्या संपत आल्या तशा मोठ्या मुली छोट्यांना ढकलू लागल्या. पापडाचे चिमटे एका खेकड्याने नेले. लिंबू पिळणी बघून एका बापाने रस्त्यावरूनच विचारलं, हे काय असतं, आणि गुंजनने दारातूनच त्याला प्रात्यक्षिक दिलं. मार्लेन तिच्या दारात येऊन हाताची घडी घालून उभी होती. नीलांबरीची नजर तिच्याकडे गेली तेव्हा ती म्हणाली, "माझ्याकडे कुणी येईना. चॉकलेट तसंच पडलंय."

"माझ्याकडे साबणाची अजून एक डबी आहे, हवी?" नीलांबरी म्हणाली. "झाकणाला चरा आहे."

मार्लेन हसली आणि फाटकापाशी न थांबता सरळ पायरीपर्यंत आली.

गर्दी जरा कमी झाली तेव्हा फेना परत आली. एकटी. टोपी तिरकी झालेली, रवी कमरेच्या पट्ट्यात खोचलेली. तिने पिशवीत हात घालून बराच वेळ चाचपलं, आणि मूठ बाहेर काढून नीलांबरीसमोर उघडली. तळहातावर एक काळं द्रोप.

"जकात," फेना म्हणाली. तिचा 'त' जरा जड लागला, पण शब्द श्रीधरचाच होता.

गुंजनने आईकडे पाहिलं. साखर म्हटलं की आईचा जबडा कसा आवळतो ते तिला ठाऊक होतं. "आई, मी घेऊ का ते?" तिने हळूच विचारलं.

"मला दिलंय तिनं," नीलांबरी म्हणाली. वाण नाकारायचं नसतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने फेनाच्या हातावरून द्रोप उचललं आणि पोर बघतेय म्हणून तोंडात टाकलं.

इतक्या वर्षांत तिने ते कधी चाखलं नव्हतं. नुसते कागद खिशातून काढले होते. पहिल्यांदा तिला काहीच कळलं नाही, मग जिभेवर मीठ आलं, मिठामागून काहीतरी औषधी, कडवट, नवसागरासारखं. तिचे डोळे बारीक झाले, नाक वर गेलं.

"खारट आहे हे," ती पुटपुटली.

"खारटच असतं," फेना म्हणाली. "त्याला हेच आवडायचं. गोडवालं तो परत द्यायचा."

नीलांबरीने फेनाकडे पाहिलं, मग गुंजनकडे. "ह्याच्यासाठी भांडत होते मी त्या माणसाशी?"

"थोडी साखर असतेच त्यात," अन्नविज्ञान शिकणारी गुंजन म्हणाली, आणि मग तिच्याने राहवेना. ती भिंतीला टेकून इतकी हसली, की हसता हसता तिचा चेहरा ओला झाला आणि तिने तो आईच्या निळ्या पदराला पुसला. नीलांबरीने पदर ओढून घेतला नाही. द्रोप थुंकायला तिने तोंडाशी हात नेला होता, तो खाली आणला आणि एका गालातून दुसऱ्या गालात ते फिरवत राहिली.

बेल वाजली. परडीत दोन चाप आणि एक बटवा उरला होता. नीलांबरी भरल्या तोंडाने "आले, आले" म्हणत दाराकडे गेली.